शेरा

गॅस मीटरच्या जुन्या वहीत शेवटचा रकाना असायचा : शेरा.
दोन बोटं रुंद. त्यात मी लिहायचो
कुलूप. कुत्रा आहे. काच धुरकट. नंतर या म्हणाले.
सव्वीस वर्षं. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा.
एकदाही कुणी चूक काढली नाही.

मग हातात मशीन आलं.
आता चार म्हणजे कुलूप, सात म्हणजे कुत्रा,
आणि नऊच्या पुढे काही नाही.

नऊच्या पुढचं मी दुधाच्या हिशेबाच्या डायरीत
उलट बाजूनं लिहायला लागलो.
टेंब्यांकडे दोन महिने शून्य युनिट.
"डबा लावलाय," म्हणाले. ओट्यावर दोन कप उपडे,
एकाच्या बुडावर धूळ.
चौथ्या मजल्यावरची मुलगी मी आलो की पेटी थांबवते,
जिना उतरेपर्यंत परत वाजवत नाही.
सहा वर्षं झाली, मला तिचा फक्त शेवटचा सूर माहीत आहे.

रावपुऱ्यात चष्म्याच्या दुकानाच्या जिन्यात, मीटरच्या अगदी वर
कागद चिकटवलेला : सर्जनशील लेखनाचा वर्ग. मराठीतून.
दहा शनिवार. फी बेचाळीसशे.
येताना स्वतःचं एक पान आणावं.
आकडा घ्यायला वाकलो होतो, तसाच वाकून वाचला.

हसमुखभाई म्हणाला, "सर्जन? आ उमरे डॉक्टर थवुं छे?"
समजावल्यावर म्हणाला, "लिहायला क्लास?
बोलायला कधी फी भरली आपण?"
ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं,
म्हणून त्याच्या पैशानं शेवउसळ खाल्ली.

हर्षदा पोळ्या लाटत होती. "जा की," म्हणाली.
"बेचाळीसशे म्हणजे मिक्सर, पण जा.
फक्त घरातलं काही लिहायचं नाही."

मग काय लिहू? लोकांच्या घरातलं?
त्यांनी मला आत घेतलं ते मीटर बघायला.
चपला बाहेर काढून ठेवतो मी.
डोळे कुठे काढून ठेवायचे?
टेंब्यांना विचारून लिहावा का तो कप?
विचारलं तर ते धुऊन ठेवतील.

आणि माझं मराठी हे असं, बडोद्याचं.
पुण्याचा साडू म्हणतो, तू मराठीत गुजराती बोलतोस.
मी म्हणतो, "मला हे फावत नाही,"
त्याला वाटतं वेळ नाही.
अरे, वेळ आहे.
नवी उशी फावत नाही, तसं म्हणतोय मी.

वर्गात सगळे नीट बोलणारे असतील.
निवृत्त मुख्याध्यापिका. बँकेतले.
कुणीतरी माझं पान हातात धरून "शैली" म्हणेल,
मी मान हलवीन,
मी युनिट सांगतो तेव्हा लोक हलवतात तशी.

रात्री ते पान उतरवून काढलं. तीनदा.
पहिल्यांदा कपाचं फुलपात्र झालं, का ते माहीत नाही.
दुसऱ्यांदा धूळच गेली.
तिसऱ्यांदा मध्येच मी आलो, रडवेला,
जो मी नव्हतो. मी आकडा घेतला होता,
शून्य, शून्य, शून्य, आणि "येतो" म्हणालो होतो.
कुठे खोटं झालं, हे कुणीतरी सांगायला हवं.
की खोटं झालं एवढं कळलं, म्हणजे झालंच?
बेचाळीसशे वाचले?

आज दुपारी कागदावरच्या नंबरला फोन लावला,
सुरसागरच्या कठड्याला टेकून, मशीन बगलेत.
बाईंचा आवाज हसरा. पानाचं विचारलं नाही,
शिक्षणाचंही नाही. म्हणाल्या,
"शनिवारी साडेपाचला फावेल ना तुम्हाला?"

कोणतं फावेल, मी विचारणार होतो.
बगलेत मशीन वाजलं, बॅटरी संपत आल्याचं.
त्या थांबल्या होत्या.